दवंडी थांबेना तेव्हा: स्विचवरचं स्टॉर्म कंट्रोल

परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते. सकाळी अकराच्या सुमारास कॉलेजातलं नेट एकाएकी गेलं. पूर्ण गेलं असंही नाही. पानं अर्धवट उघडत, कर्सर गोल गोल फिरत राही, प्रिंटर मधूनच एखादं पान काढून गप्प बसे. दारातलं बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र मात्र पार गोठलं होतं. ऑफिसातून फोन आला, "सर, इंटरनेटवाल्याला जरा झापा ना." इंटरनेटवाल्याचा काही दोष नव्हता. रॅकचं दार उघडलं तर स्विचचे, म्हणजे सगळे संगणक केबलींनी एकमेकांना जोडणाऱ्या पेटीचे, सगळे दिवे एका ठेक्यात लुकलुकत होते. एरवी प्रत्येक दिवा आपापल्या लहरीने चालतो; त्या दिवशी लेझीमचं पथक उतरल्यासारखं दिसत होतं. हे दृश्य एकदा पाहिलं की माणूस विसरत नाही.

एकेक केबल उपटत गेलो, तेव्हा चाळीसेक मिनिटांनी कारण सापडलं. संगणक प्रयोगशाळेत टेबलाखाली आठ पोर्टांचा (केबल खोचायच्या आठ भोकांचा) एक साधा, स्वस्तातला स्विच होता आणि एकाच केबलची दोन्ही टोकं त्यात खोचलेली होती. झाडलोट करताना लोंबणारं टोक कुणाला तरी दिसलं आणि त्याने ते रिकाम्या भोकात नीट बसवून ठेवलं. हेतू चांगलाच होता. त्या एका चांगल्या हेतूने साडेतीनशे संगणक ठप्प केले.

याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. ते आवरायला स्विचमध्ये जी सोय असते तिचं नाव स्टॉर्म कंट्रोल. ती सोय आमच्या मुख्य स्विचमध्ये होती, पण चालू नव्हती. सिस्को कंपनीच्या कॅटॅलिस्ट स्विचवर ती मुळात बंदच येते. आपण चालू करावी लागते, आणि कितीवर अडवायचं तो आकडाही आपणच द्यावा लागतो. आकडा कुठून आणायचा, इथे बहुतेकांची गाडी अडते. म्हणून हा लेख.

आधी वादळ म्हणजे काय ते बघू.

स्विचचं रोजचं काम पोस्टमनसारखं असतं. कोणता मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) कोणत्या पोर्टावर राहतो याची एक वही त्याच्याकडे असते. फ्रेम, म्हणजे तारेवरून येणारा माहितीचा एक तुकडा, आली की वही बघायची आणि त्याच पोर्टावर ती टाकायची. पण काही निरोप एकासाठी नसतातच. संगणक सुरू झाला की त्याला आयपी पत्ता हवा असतो, पण तो देणारा सर्व्हर कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. मग तो गावभर दवंडी देतो: "पत्ता वाटणारा कोण आहे? समोर या." कुणाचा मॅक पत्ता हवा असेल तरी तेच: "हा आयपी कुणाचा?" ही एआरपीची दवंडी. अशा फ्रेमवर पाठवायच्या पत्त्याच्या जागी सगळे अठ्ठेचाळीस बिट '१' असतात, म्हणजे 'सर्वांसाठी'. हीच ब्रॉडकास्ट फ्रेम. स्विचला नियम असा की अशी फ्रेम ज्या पोर्टाने आली ते सोडून उरलेल्या सगळ्या पोर्टांवर सोडायची.

आता समजा, दोन गावांमध्ये दोन रस्ते आहेत. एका गावच्या कोतवालाने दिलेली दवंडी पहिल्या रस्त्याने दुसऱ्या गावात जाते. तिथला कोतवाल ती इमानेइतबारे पुढे देतो, दुसऱ्या रस्त्याने. ती पहिल्या गावात परत येते. पहिला कोतवाल ओळखतच नाही की ही आपलीच दवंडी. तो पुन्हा ढोल बडवतो. त्याच वेळी दुसरी प्रत उलट्या दिशेने फिरत असते. दोघांपैकी कुणाचंच चुकत नाही, दोघंही नियमच पाळतायत, आणि दवंडी काही केल्या थांबत नाही.

आयपीच्या पाकिटावर आयुष्याचा आकडा छापलेला असतो. प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि शून्य झाला की पाकीट फेकून देतो. इथरनेटच्या, म्हणजे स्विच ज्या पद्धतीने बोलतात तिच्या, फ्रेमवर असा आकडाच नाही. ही सोय ठेवायचं राहून गेलं म्हणा किंवा गरज वाटली नाही म्हणा. त्याची किंमत आपण आजही मोजतोय. अशा गोल वाटेत, म्हणजे लूपमध्ये, शिरलेली फ्रेम स्वतःहून कधीच मरत नाही. केबल उपटा, पोर्ट बंद करा किंवा वीज घालवा, तरच ती जाते.

वेग किती, ते बघा. सर्वांत लहान इथरनेट फ्रेम ६४ बाइटची. तिच्या आधीची सूचना आणि नंतरची मोकळी जागा धरली तर तारेवर ती ८४ बाइटची जागा घेते, म्हणजे ६७२ बिट. एक गिगाबिटच्या तारेवरून अशा फ्रेम सेकंदाला १४,८८,०९५ जाऊ शकतात. एका फ्रेमला लूपची एक फेरी मारायला काही मायक्रोसेकंद पुरतात. साध्या लूपमध्ये जुन्या प्रती फिरत राहतात आणि दर नव्या दवंडीच्या दोन प्रती त्यांत भर घालतात. एकही कमी होत नाही. स्विच तीन-चार असतील आणि एकमेकांना अनेक वाटांनी जोडलेले असतील तर प्रत्येक फेरीत प्रतींची संख्याच वाढत जाते. दोन्हीकडे शेवट एकच: काही क्षणांत तार गच्च भरते.

तार भरली एवढ्यावरही ते थांबत नाही. ब्रॉडकास्ट फ्रेम प्रत्येक संगणकाने वाचायचीच असते, 'ही माझ्यासाठी नाही' असं ठरवायला तरी. सेकंदाला लाखो फ्रेम आल्या की चांगला संगणक धापा टाकतो. हजेरीचं यंत्र, जुना प्रिंटर, स्वस्त कॅमेरा यांच्यातला प्रोसेसर जेमतेम असतो, म्हणून ते आधी मरतात. आमच्याकडे हजेरीचं यंत्र आधी गोठलं ते याच कारणाने. तेव्हा ते कळलं नव्हतं.

शिवाय स्विचची वही बिघडते. एकच मॅक पत्ता क्षणात पोर्ट तीनवर दिसतो, क्षणात चोवीसवर. स्विच दर वेळी खोडून नवं लिहितो. लॉगमध्ये, म्हणजे स्विच स्वतः ठेवतो त्या घडामोडींच्या नोंदीत, 'मॅक फ्लॅप' अशा तक्रारींचा पाऊस पडतो. मग एकाला एक जाणारी साधी फ्रेमही चुकीच्या दाराशी जाऊन पडते. लॉगमध्ये मॅक फ्लॅप दिसला तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी लूप शोधा. बहुतेक वेळा तोच असतो.

आता कुणी म्हणेल, लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री असतो ना? असतो. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना ही पद्धत मांडली. सोबत त्यांनी त्यावर एक छोटी कविताही लिहिली, हे मला फार आवडतं. कल्पना साधी आहे. स्विच एकमेकांना दर दोन सेकंदांनी बीपीडीयू नावाच्या चिठ्ठ्या पाठवतात, एक मूळ स्विच ठरवतात आणि जिथे दोन वाटा होतात तिथली एक झाकून ठेवतात. मुख्य वाट तुटली की झाकलेली उघडते.

या शेवटच्या वाक्यातच धोका आहे. झाकलेलं पोर्ट चिठ्ठ्यांच्या भरवशावर झाकलेलं असतं. जुन्या पद्धतीत २० सेकंद चिठ्ठी आली नाही तर ते समजतं की मुख्य वाट तुटली, आणि उघडायच्या तयारीला लागतं. नव्या, वेगवान पद्धतीत तीन चिठ्ठ्या चुकल्या, म्हणजे सहा सेकंद गेले, तरी पुरतात. चिठ्ठी न येण्याचं कारण वाट तुटणं हेच असेल असं नाही. वाट इतकी भरलेली असेल की चिठ्ठी गर्दीत हरवली, किंवा स्विचचा प्रोसेसर इतका दमलेला असेल की त्याला चिठ्ठी लिहायलाच सवड नाही. फायबरच्या दोन धाग्यांपैकी एकच उंदराने कुरतडला, तरी एका बाजूला चिठ्ठी पोचत नाही. मग झाकलेलं दार उघडतं, लूप तयार होतो, गर्दी आणखी वाढते, आणखी चिठ्ठ्या हरवतात.

बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. तिथलं नेटवर्क वर्षानुवर्षं ठिगळं लावत वाढलं होतं. स्पॅनिंग ट्रीच्या मूळ मापांत सात स्विचांपेक्षा लांब साखळी धरलेली नाही. तिथे ती मर्यादा ओलांडली गेली होती. एका संशोधकाच्या कामातून नेटवर्कवर माहितीचा मोठा लोंढा आला आणि डोलारा कोसळला. सुमारे चार दिवस रुग्णालय कागदावर चाललं, तपासण्यांचे निकाल माणसांनी हातात घेऊन पोचवले. तिथले माहिती-तंत्रज्ञानाचे प्रमुख जॉन हालाम्का यांनी नंतर ही सगळी हकीकत उघडपणे सांगितली, काही लपवलं नाही. आपल्याकडे असं काही झालं की 'तांत्रिक अडचण' एवढ्या दोन शब्दांत गुंडाळतात, आणि पुढच्याला त्यातून काही शिकता येत नाही.

आमच्या प्रयोगशाळेतली गोष्ट याच्या मानाने फारच लहान, पण स्पॅनिंग ट्री तिथेही आंधळा होता. आठ पोर्टांच्या त्या साध्या स्विचला स्पॅनिंग ट्री येतच नव्हता. असे काही स्विच बीपीडीयू जशीच्या तशी पुढे सोडतात. मग वरचा शहाणा स्विच स्वतःचीच चिठ्ठी परत आलेली पाहून सावध होतो. काही स्विच मात्र ती गिळून टाकतात. आमचा गिळणारा निघाला. वरच्या स्विचच्या दृष्टीने त्या पोर्टावर सगळं आलबेल होतं, फक्त तिथून दवंड्यांचा पूर येत होता.

इथे स्टॉर्म कंट्रोल कामाला येतं, कारण ते चिठ्ठ्यांवर विसंबत नाही. पूर का आला हे ते विचारत नाही, फक्त पाणी मोजतं. आत येणाऱ्या ब्रॉडकास्ट फ्रेम सेकंदाला किती, हे पोर्टावर मोजायचं. ठरवलेल्या रेषेच्या वर गेल्या की पुढच्या अडवायच्या. घरातल्या एमसीबीसारखंच. एमसीबीला शॉर्टसर्किट कुठे झालंय ते कळत नाही, जास्त प्रवाह तेवढा कळतो. मोजणी आत येणाऱ्या फ्रेमचीच होते, बाहेर जाणाऱ्यांची नाही, हे मात्र ध्यानात असू द्या. पूर ज्या दारातून येतो त्याच दारावर रेषा आखायची.

रेषा दोन असतात. वरची रेषा ओलांडली की अडवायला सुरुवात होते आणि खालच्या रेषेच्या खाली उतरलं की पुन्हा सोडायला सुरुवात होते. दोन कशाला? गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट आठवा. टाकी भरली की मोटर बंद, पण एक तांब्या पाणी काढल्याबरोबर ती पुन्हा चालू होत नाही. पातळी बरीच खाली गेल्यावरच होते. नाहीतर मोटर दर मिनिटाला चालू-बंद होऊन जळेल. रेषा एकच असती तर स्विचचंही तेच झालं असतं.

आता आकडा. लोक सर्रास टक्क्यांत लिहितात, 'ब्रॉडकास्ट एक टक्का', आणि एक टक्का म्हणजे नगण्य असं समजतात. हिशेब करून बघा. एक गिगाबिटच्या पोर्टावर एक टक्का म्हणजे १० मेगाबिट, आणि लहान फ्रेम धरल्या तर सेकंदाला सुमारे १४,८८० दवंड्या. एका संगणकाला सेकंदाला दोन-चार दवंड्या पुरतात. १० गिगाबिटच्या पोर्टावर तोच एक टक्का सुमारे १,४८,८०० वर जातो. ज्युनिपर कंपनीच्या ईएक्स मालिकेतल्या स्विचवर स्टॉर्म कंट्रोल चालू अवस्थेतच येतं, पण ठरलेली रेषा ८० टक्क्यांची. म्हणजे घरातल्या पंख्याला कारखान्याचा फ्यूज लावल्यासारखं. तार पूर्ण गुदमरणार नाही एवढीच त्याची हमी. संगणक मात्र त्याआधीच गुदमरलेले असतात.

म्हणून जिथे सोय असेल तिथे टक्क्यांऐवजी सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे पीपीएस, असंच लिहावं असं माझं मत आहे. पोर्टाचा वेग बदलला तरी अर्थ बदलत नाही आणि तो आकडा तुम्ही मोजलेल्या आकड्याशी थेट ताडून बघता येतो.

मोजायचं कसं? सिस्कोवर 'शो इंटरफेसेस काउंटर्स' असं लिहिलं की प्रत्येक पोर्टावर आजवर किती ब्रॉडकास्ट आत आल्या ते दिसतं. सकाळी गजबजलेल्या वेळी आकडा टिपा, दहा मिनिटांनी पुन्हा टिपा. समजा आधी ४८,२०,००० होता आणि नंतर ४८,३२,००० झाला. फरक १२,०००, भागिले ६०० सेकंद, म्हणजे सेकंदाला २०. झालं. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी असं करा. वीज जाऊन आल्यानंतरची मोजणी तर चुकवूच नका. लोडशेडिंग संपलं किंवा जनरेटर लागला की सगळे संगणक एकदम जागे होतात आणि सगळे एकदम "पत्ता द्या" म्हणून ओरडतात. ती गर्दी खरी असते. तिला वादळ समजून अडवलं तर वीज येऊनही नेट येणार नाही.

माझा ढोबळ हिशेब असा: दिसलेल्या सर्वांत मोठ्या गर्दीच्या दहापट वरची रेषा, तिच्या निम्म्यावर खालची. एकाच संगणकाच्या पोर्टाला २०० आणि १०० पुरेसे होतात. ज्या पोर्टावर वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आहे तिथे मागे पन्नास मोबाइल असतात, तिथे वेगळं मोजायचं. लूपमधून येणारा पूर सेकंदाला लाखांत असतो, त्यामुळे २०० ठेवली काय आणि ८०० ठेवली काय, लूप पकडला जातोच. ही गोष्ट कळली की आकड्याची भीती जाते. साधी गर्दी आणि वादळ यांच्यात इतकं मोठं अंतर आहे की रेषा त्या अंतरात कुठेही आखली तरी चालते. फक्त ती अंतराच्या बाहेर नको.

स्विचवर प्रत्यक्ष लिहायचं ते एवढंच, अर्थात रोमन अक्षरांत. पोर्टाच्या आत जाऊन 'स्टॉर्म-कंट्रोल ब्रॉडकास्ट लेव्हल पीपीएस २०० १००', आणि खाली 'स्टॉर्म-कंट्रोल अ‍ॅक्शन शटडाउन'. निरोप हवा असेल तर 'स्टॉर्म-कंट्रोल अ‍ॅक्शन ट्रॅप' अशी आणखी एक ओळ. दोन-तीन तारा एकत्र बांधून एक जाड तार केली असेल तर सुट्या पोर्टांवर वेगवेगळं लिहायचं नाही, त्या जोडीच्या नावावर लिहायचं. ते खालच्या पोर्टांवर आपोआप उतरतं.

आकड्यापेक्षा जास्त विचार करायचा तो या दुसऱ्या ओळीचा. ती लिहिलीच नाही तर स्विच फक्त जास्तीच्या फ्रेम टाकून देतो, पोर्ट चालू राहतं, आणि आपणहून कुणाला निरोपही पाठवत नाही. यात गोम अशी की लूप तसाच जिवंत राहतो. तुमच्या रेषेइतका पूर तर आत येतच राहतो. एक टक्क्याची रेषा असेल तर सेकंदाला हजारो दवंड्या रात्रंदिवस. नेट चालतं, पण सुस्त चालतं, आणि सुस्तीचं कारण महिनोन्महिने कुणाला सापडत नाही. धड मेलेलं नाही नि धड जगलेलं नाही असं नेटवर्क शोधायला सर्वांत वाईट.

शटडाउन लिहिलं तर पोर्टच बंद पडतं. त्या टेबलावरचे आठ जण बोंब मारतात, पाच मिनिटांत तुम्हाला फोन येतो, आणि बाकी सगळं कॉलेज सुखात असतं. संगणकांच्या पोर्टांवर मी डोळे मिटून शटडाउन लिहितो.

पण दोन स्विच जोडणाऱ्या अपलिंकवर तेच लिहिलं तर? पूर खालच्या मजल्यावर आला आणि वरच्या स्विचने अपलिंकच बंद केली, तर अख्खा मजला गेला. एका खोलीतल्या शॉर्टसर्किटसाठी आख्ख्या इमारतीचा मेन स्विच पाडल्यासारखं. त्यातही मजल्यावरचा स्विच तुमच्यापासून दुसऱ्या गावात असेल, तर त्याच्यापर्यंत पोचायची वाट तुम्ही स्वतःच बंद केलेली असते. म्हणून अपलिंकवर मी फक्त निरोप मागतो, रेषाही बरीच उंच ठेवतो आणि खरी पकड टोकाच्या पोर्टांवर ठेवतो. काही जण अपलिंकवर काहीच लावत नाहीत. तेही चालेल, पण टोकाचं प्रत्येक पोर्ट नीट लावलेलं असेल तरच.

बंद पडलेलं पोर्ट 'एरर-डिसेबल' अवस्थेत जातं. ते हाताने बंद करून पुन्हा चालू करायचं, किंवा 'एरडिसेबल रिकव्हरी कॉज स्टॉर्म-कंट्रोल' लिहून स्विचवर सोपवायचं. मग तो ३०० सेकंदांनी स्वतःच उघडून बघतो. रात्री-अपरात्री कुणी नसेल अशा वसतिगृहात ही सोय बरी. लूप तसाच असेल तर दर पाच मिनिटांनी क्षणभर हिसका बसतो आणि पोर्ट पुन्हा मिटतं. हा हिसका सगळ्यांना जाणवतो, पण तो घड्याळाच्या काट्यावर बसतो म्हणून पटकन ओळखूही येतो.

आतापर्यंत फक्त ब्रॉडकास्टचं बोललो, आणि नवशिक्याने तिथेच थांबावं असं मी सांगेन. स्टॉर्म कंट्रोलला आणखी दोन प्रकार मोजता येतात, पण दोन्हींत खाचखळगे आहेत.

पहिला मल्टिकास्ट, म्हणजे गावभर नव्हे तर ठरावीक मंडळालाच दिलेला निरोप. कॅमेऱ्यांची चित्रं, टीव्ही वाहिन्या, एकाच वेळी चाळीस संगणकांवर विंडोज चढवणारी इमेजिंगची कामं यावरून जातात आणि त्यांचा खरा, कामाचा ओघच प्रचंड असतो. वाटा ठरवायला राउटर एकमेकांना पाठवतात ते ओएसपीएफचे निरोपही मल्टिकास्टच. सिस्कोच्या अनेक स्विचांवर मल्टिकास्टची रेषा ओलांडली की बीपीडीयूसारख्या चिठ्ठ्या तेवढ्या पुढे जाऊ दिल्या जातात, पण ओएसपीएफचे निरोप आणि कॅमेऱ्याची चित्रं यांत स्विच फरक करत नाही. सरसकट सगळं अडवतो. ओएसपीएफ साधारण दर १० सेकंदांनी "मी आहे" म्हणतो, ४० सेकंद आवाज आला नाही की शेजारी त्याला मेला समजतो. म्हणजे कॅमेऱ्यांच्या गर्दीला लावलेला लगाम राउटरांची सोयरीक मोडून टाकतो. आयपी आवृत्ती ६ मध्ये तर एआरपीच्या दवंडीची जागाच मल्टिकास्टने घेतली आहे. तिथे घट्ट रेषा आखली तर शेजारी शेजाऱ्याला सापडेनासा होतो. तेव्हा मल्टिकास्ट मोजल्याशिवाय हात लावू नये.

दुसरा प्रकार अनोळखी युनिकास्ट. पत्ता एकाचाच आहे, पण स्विचच्या वहीत तो नाही. मग नाइलाजाने सगळ्या दारांवर सोडायचा. याचा पूर लूपशिवायही येतो. सिस्कोच्या राउटरला एआरपीची माहिती चार तास लक्षात राहते, तर स्विचच्या मॅक पत्त्यांच्या वहीतली नोंद, त्या पत्त्याकडून पाच मिनिटं काही आलं नाही की, पुसली जाते. जायची वाट एक आणि यायची दुसरी असेल, तर स्विचला त्या संगणकाकडून येणारं काही दिसतच नाही, तो त्याला विसरतो. राउटर मात्र चार तास त्याच्या नावाने पाठवत राहतो, आणि ते सगळं सगळ्यांच्या दारात पडतं. इथे खरा उपाय वेळा जुळवणं हा. स्टॉर्म कंट्रोल लावून दुखणं झाकू नये. काही स्विच मॉडेलांत 'युनिकास्ट' असं लिहिलं की ओळखी-अनोळखी सगळाच युनिकास्ट मोजला जातो. दहा टक्के लिहून बसलात तर कुणी मोठी फाइल कॉपी करायला घेतली की स्विच तिलाच वादळ समजतो. आपल्या मॉडेलची माहितीपुस्तिका इथे वाचायलाच हवी; एका कंपनीचं ज्ञान दुसरीकडे चालत नाही, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही चालत नाही.

स्टॉर्म कंट्रोलच्या जोडीला टोकाच्या पोर्टांवर बीपीडीयू गार्ड लावा. संगणकाच्या पोर्टावर स्पॅनिंग ट्रीची चिठ्ठी यायचं कारणच नाही; आली म्हणजे मागे कुणीतरी स्विच जोडलाय किंवा लूप केलाय, आणि पोर्ट लगेच बंद होतं. साधा स्विच चिठ्ठी पुढे सोडत असेल तर गार्ड पकडतो, गिळत असेल तर स्टॉर्म कंट्रोल पकडतं. लॉगमधली कटकट नको म्हणून बीपीडीयू फिल्टर लावणारे मला भेटलेत. गार्ड आणि फिल्टर नावाला शेजारी, कामाला एकदम उलट. पोर्टावर लावलेला फिल्टर चिठ्ठ्याच बंद करतो, म्हणजे पहारेकऱ्याचे डोळे बांधून वर त्याला शांत झोप लागली म्हणून खूश व्हायचं.

सगळं लिहून झालं की तपासून बघा. आम्ही सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना आधी कळवून, तोच आठ पोर्टांचा स्विच प्रयोगशाळेत पुन्हा जोडला आणि त्याच केबलची दोन्ही टोकं त्यात मुद्दाम खोचली. हात जरा थरथरला, खोटं कशाला बोलू. दिवे एका ठेक्यात आले न आले तोच मुख्य स्विचवरचा त्या पोर्टाचा दिवा केशरी झाला. 'शो इंटरफेसेस स्टेटस एर-डिसेबल्ड' लिहिल्यावर कारणाच्या रकान्यात स्टॉर्म कंट्रोल दिसलं. शेजारच्या संगणकावर आधीपासून चालू ठेवलेला पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतंय का हे पुन्हा पुन्हा विचारणारा निरोप) दोन वेळा चुकला आणि पुढे सुरळीत चालू झाला.

पुढच्या सत्रात फॉर्म भरायच्या दिवसांतच ग्रंथालयातून फोन आला. "सर, आमच्याकडेच नेट नाही, बाकी सगळीकडे आहे." लॉग बघितला तर ग्रंथालयाचं एक पोर्ट मिटलेलं. जाऊन पाहिलं. टेबलावरच्या आयपी फोनला मागे दोन भोकं असतात, एक भिंतीकडे जायचं, दुसरं संगणकाला द्यायचं. टेबल हलवताना दोन्ही वायरी भिंतीतल्या दोन सॉकेटांत गेल्या होत्या. एक काढून संगणकाला लावली, पोर्ट चालू केलं आणि ग्रंथपालबाईंनी दिलेला चहा घेऊन परत आलो. खाली ऑफिसबाहेर रांग सरकत होती.